अंधाराचा कोपरा

फुलवंताबाई गोंडीत म्हणाल्या, की बाळंतिणीच्या खोलीत एका कोपऱ्यात अंधार पाहिजे. त्यांच्या लेकीने, म्हणजे उपकेंद्राच्या सिस्टर रीता कुंभरे यांनी, शेजारच्या खुर्चीवरच्या आर्किटेक्टला मराठीत सांगितलं, "बाया म्हणतात, खोलीत भरपूर उजेड हवा." आर्किटेक्टने समाधानाने मान डोलावली आणि कागदावर एक मोठी खिडकी काढली.

सगळा घोटाळा इथे झाला. गावात नंतर लोक म्हणायला लागले की संस्थेचं चुकलं, ठेकेदाराचं चुकलं, जागाच बाधली. काही बाधलं नव्हतं. एका शिकलेल्या पोरीला आपल्या आईची लाज वाटली, एवढंच झालं होतं.

सालेटोला हे गाव देवरी तालुक्यात, चिचगडच्या बाजूच्या जंगलात. गावाला लागून नाला आहे. उन्हाळ्यात त्यातून शेळ्या कोरड्या पायांनी जातात आणि पावसाळ्यात तो असा चढतो की पलीकडचे टोले, म्हणजे वाड्या, जगापासून तुटतात. अडलेली बाई पलीकडे आणि नर्स अलीकडे, असं दर वर्षी व्हायचं. रीताची भावजय चंचल अशीच अडली होती, मागच्या खेपेला. दुर्गेशने, म्हणजे रीताच्या धाकट्या भावाने, पाण्यात उतरायचा प्रयत्न केला, लोकांनी त्याला धरून ठेवलं. पाणी उतरल्यावर रीता पलीकडे पोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं. चंचल वाचली, पण पुढे कितीतरी दिवस ती रीताच्या पांढऱ्या कपड्यांकडे नुसती बघत बसायची. आता चंचलला पुन्हा दिवस गेले होते.

नागपूरच्या एका संस्थेने म्हणूनच उपकेंद्राला लागून घर बांधायचं ठरवलं. नाला चढायच्या आत बाईने इथे येऊन राहायचं, शेजारी उपकेंद्रात बाळंत व्हायचं, आणि अंगात बळ येईपर्यंत पुन्हा त्या घरात विसावा घ्यायचा. नाव ठेवलं विसावाघर. संस्थेचा एकच आग्रह होता, की घर आदिवासी बायांना विचारून, त्यांच्या रीतीभातीला धरून बांधायचं. आग्रह सोन्यासारखा होता, त्यात काही खोट नाही.

काम मिळालं पीयूष कापगतेला. पोरगा अर्जुनी मोरगावचा, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातला. त्याच्या खापरपणजाने खोदलेल्या तलावाचं पाणी अजून गावाच्या धानाला जातं. घरी आईला "का करून राहिली?" म्हणणारा हा पोरगा पुण्याला शिकायला गेला आणि "आपण संवाद साधूया" म्हणत परत आला. मनाने मात्र निर्मळ. माणूस मनातलं फक्त मायबोलीतच बोलतो असं त्याच्या सरांनी त्याला शिकवलं होतं, म्हणून त्याने बायांना विनंती केली की तुम्ही गोंडीतच बोला, सिस्टर मला मराठीत सांगतील.

आता या बाया कोण? देवरीच्या बाजारात मिरचीचा भाव पाडून मागणाऱ्या, संध्याकाळी मराठी मालिका बघणाऱ्या, आणि त्यातल्या खाष्ट सासवांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या. पण पाहुणा म्हणाला गोंडीत बोला, तर त्या गोंडीत बोलल्या. पाहुण्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही अशी तिकडची रीत आहे. रीतालाही हे सगळं माहीत होतं. तरी तिने मनाशी ठरवून टाकलं, की आपण आणि पीयूष जी पुस्तकी, इंग्रजी पेरलेली मराठी बोलतो ती काही या बायांना समजायची नाही. शरम वाटायला लागली की माणूस सोयीचं तेवढंच खरं धरतो.

बायांनी त्या दिवशी मोहाच्या सावलीत बसून काय काय सांगितलं? फुलवंताबाईंनी सांगितलं की घरात मोठे असतात. मोठे म्हणजे घरातले गेलेले लोक, आजा, आजी, त्यांच्याही मागचे. ते कुठे लांब जात नाहीत, आतल्या खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात राहतात. पोटी आलेलं मूल म्हणजे त्यांच्यातलंच कोणी परत आलेलं असतं. म्हणून त्याला पहिल्यांदा त्या कोपऱ्यासमोर ठेवायचं, की मोठ्यांनी आपला माणूस ओळखावा. बाई परक्या घरी राहायला निघाली तर आपल्या कोपऱ्यातली मूठभर माती सोबत नेते. ती माती जिथे ठेवली तिथे तिचे मोठे येऊन बसतात. पण ते उजेडात बसत नाहीत, आणि गुळगुळीत फरशीवर तर नाहीच नाही. तेवढा एक कोपरा मातीचा आणि अंधाराचा असू द्या, मग बाई कितीही दिवस राहील.

दुसऱ्या एकीने सांगितलं, बाजेजवळ शेकायला विस्तव पाहिजे, बाळंतीण थंड पडायला नको. तिसरीने खाली बघत सांगितलं, की बाळामागून पडणारी वार दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून नेतात ते आम्हाला बरं वाटत नाही, ती पुरायला आवारात एखादी राखलेली जागा द्या.

रीताने मराठीत सांगितलं, की खोलीत उजेड पाहिजे, पांढऱ्या टाइल्स पाहिजेत, पंखा पाहिजे, आणि संडास-बाथरूम आतूनच पाहिजे. विस्तवाचं नाव काढलं नाही. वारेचं तर नाहीच.

विस्तवाला तिने हरकत घेतली असती तर कोणी तिला बोल लावला नसता. कोंदट खोलीत धूर करू नका हे नर्सने सांगायलाच पाहिजे. पण हरकत घेणं वेगळं आणि दुसऱ्याची गोष्ट अख्खी गिळून टाकणं वेगळं. तिने ती का गिळली, तर त्याला कारण होतं. गोंदियाला नर्सिंगच्या होस्टेलमध्ये असताना एकदा पोरींच्या गप्पा रंगल्या होत्या, ज्याच्या त्याच्या घरच्या गोष्टी निघाल्या होत्या, आणि रीताने भोळेपणाने कोपऱ्यातल्या मोठ्यांची गोष्ट सांगितली. पुढे वर्षभर तिच्या खोलीत शिरताना पोरी दारातून विचारायच्या, "रीता, आज दादाजी किधर बैठे है? पाँव तो नहीं पड़ेगा?" आणि हसायच्या. पुष्पांजली म्हणून तिची जिवाभावाची मैत्रीण होती, तीही हसायची. रीताही हसायची, न हसून करते काय. पण त्यानंतर तिने घरची गोष्ट बाहेर काढायची म्हणून काढली नाही.

पीयूष हसला नसता. संस्थेच्या मॅडमही हसल्या नसत्या, उलट डोळे मोठे करून ऐकत बसल्या असत्या. तेही रीताला नकोच होतं. तिला वाटत होतं, आपल्या बायांनी इतर बायांसारखं पंखा आणि टाइल्स मागाव्यात आणि मोकळं व्हावं.

घर झालं ते झकास झालं. पांढऱ्याशुभ्र टाइल्स, त्यात तोंड दिसेल. खिडकी एवढी मोठी की खाटेवर पडून जंगल दिसावं. पीयूषने चारी कोपऱ्यांत दिवे दिले होते, कुठे सावली म्हणून राहू नये. उद्घाटनाला फीत कापली गेली, चिवडा-पेढा वाटला गेला, आणि भाषणात सांगितलं गेलं की हे घर बायांच्याच शब्दांतून उभं राहिलं आहे. समोर बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. फुलवंताबाईंनीही वाजवल्या.

त्यानंतर त्या घरात कोणी राहायला येईना. बाया तपासणीला आल्या की आत डोकवायच्या, टाइल्सवरून हात फिरवायच्या, "बेस आहे" म्हणायच्या आणि ऊन कलायच्या आत घरचा रस्ता धरायच्या. संस्थेकडून विचारणा झाली तेव्हा रीताने सांगितलं की जनजागृती कमी पडते आहे. हा शब्द फार कामाचा आहे. तो वापरला की चूक नेहमी समोरच्याची होते.

मनातून मात्र तिला खरं काय ते ठाऊक होतं. म्हणून ज्येष्ठ सरत आला तशी ती चंचलच्या मागे लागली. नाला कधीही चढेल, दिवस भरत आलेत, तू आजच चल. दुर्गेशने चंचलला सायकलवर बसवून आणून सोडलं. चंचल आत आली, हातातलं गाठोडं पोटाशी धरून खोलीभर फिरली. या कोपऱ्यात उभी राहिली, त्या कोपऱ्यात उभी राहिली. मग पलंगाच्या कडेवर बसली, पाय वर घेऊन, परक्या घरी बसतात तशी. रीता उपकेंद्रातून काम आटोपून आली तेव्हा ती गाठोडं घेऊन दारात उभी होती, परत निघालेली.

रीताचा पारा चढला. काय कमी आहे इथे ते तरी सांग, म्हणाली. पंखा आहे, पाणी आहे, मी स्वतः शेजारी आहे. मागच्या वेळी काय झालं ते विसरलीस का, असंही ती बोलून गेली, जे तिने बोलायला नको होतं.

चंचल रडली नाही. तिने खोलीकडे एकदा वळून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, इथं कोनीच नाई. एकटीनं कशी राहू?"

आणि गेली. नवऱ्याची वाट न बघता, सात-आठ महिन्यांचं नव्हे, पुऱ्या दिवसांचं पोट घेऊन नाला ओलांडून चालत गेली. रीता त्या लख्ख खोलीत उभी राहिली. चंचलने कोणाला शोधलं ते तिला नेमकं समजलं होतं. तिला स्वतःलाही त्या खोलीत तेव्हा एकटं वाटलं आणि त्याचा तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी ती नाल्यापलीकडे आईकडे गेली. फुलवंताबाई अंगणात मोहाच्या टोऱ्या फोडत बसल्या होत्या. टोरी म्हणजे मोहाची बी, तेल काढण्यासाठी वाळवून ठेवतात. चंचल आत निजली होती. रीताने गोंडीत सुरुवात केली आणि आवाज चढवला. तू तिची सासू आहेस, तुझं ती ऐकेल. तिला घेऊन तू स्वतः तिथे येऊन राहा. पुन्हा त्या वेळेसारखं झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? माझ्या भावाचं घर आहे हे, माझ्या डोळ्यांदेखत उजाडू देऊ का?

फुलवंताबाईंनी हातातला दगड खाली ठेवला आणि त्या बोलल्या, ते मराठीत.

"कोपरा सांगतलं होतं ना मी."

आई रीताशी आयुष्यात कधी मराठीत बोलली नव्हती. बाजारवाल्याशी बोलायची, बस कंडक्टरशी बोलायची, पोटच्या पोरीशी कधी नाही. रीताने गोंडीतच काहीतरी सावरासावर केली, की साहेबाला मी सांगितलं होतं, पण त्यांना ते जमलं नाही.

"साहेबाले तू उजेड सांगतलंस," फुलवंताबाई म्हणाल्या. "टाइल्स सांगतलंस, पंखा सांगतलंस. मी बाजूलेच बसून होती. सगळ्या बाया ऐकून राहिल्या होत्या."

"मंग बोलली काऊन नाई, माय?" रीताच्या तोंडूनही मराठीच आलं.

"कायले बोलू? तुले आमची लाज वाटून राहिली होती. थे दिसत होतं. चार परक्यायच्या समोर तुले खोटी पाडून आनखी लाजवू का?"

त्यांनी दगड उचलला आणि पुन्हा टोऱ्या फोडायला लागल्या. राग नव्हता बोलण्यात. राग असता तर रीताने भांडण काढलं असतं, भांडायला ती कोणाला हार जाणारी नव्हती. फोडता फोडताच फुलवंताबाईंनी तिला सांगितलं, की त्या दिवशी परत येताना वाटेत एकदोघी कुरकुरल्या होत्या, तेव्हा मीच त्यांना म्हटलं, की पोरगी आपली आहे, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे, कोणी कुठे बोलायचं नाही. आणि कोणी बोललं नाही.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात. धरणी तशी काही करत नाही, माणसाला आपल्या पायांनी चालत घरी जावं लागतं. रीता परत निघाली तेव्हा वाटेत ओळखीच्या बाया भेटल्या. "बेस आहे ना सिस्टर?" असं नेहमीसारखंच त्यांनी विचारलं. या त्याच बाया होत्या. इतके महिने उपकेंद्रात येऊन हिच्या हातून सुई टोचून घेत होत्या, हिचे उपदेश ऐकत होत्या, आणि हिने आपलं बोलणं कसं फिरवलं हे यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण यांना झाकत होतो असं ती समजत होती, आणि याच तिला झाकत होत्या. तिला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. उद्घाटनाच्या टाळ्या आठवल्या तेव्हा तर ती वाटेतच बसली. आपण किती हलक्या आहोत, असं तिला त्या दिवशी स्वच्छ वाटलं.

आता शहाणपण एवढंच होतं की पीयूषला फोन करून जे घडलं ते सांगायचं. तिने फोन केला. पण सांगताना म्हणाली, "बायांच्या काही नवीन सूचना आहेत." नवीन म्हणे. लाज अशी एका दिवसात जात नाही, ती नवं लुगडं नेसून पुन्हा दारात उभी राहते.

पीयूष मात्र खूश झाला. त्या आठवड्यातच तो मॅडमना घेऊन आला. बैठक विसावाघराच्या व्हरांड्यातच भरली. पीयूष, मॅडम आणि रीता खुर्च्यांवर, बाया खाली फरशीवर. चंचलही आली होती. भिंतीला टेकून, पाय लांब करून ती बसली होती. ती आपण होऊन आलेली नव्हती, सासूने आणली होती. फुलवंताबाईंना ती आत्या म्हणते, आणि आत्याचा शब्द मोडत नाही. पण राहायचं म्हणून तिने गाठोडं मात्र आणलं नव्हतं.

पुन्हा तसंच, बाया गोंडीत बोलल्या आणि रीताने मराठीत सांगितलं. या खेपेला तिने एक शब्द गाळला नाही. मातीचा अंधारा कोपरा, बाजेजवळचा विस्तव, वार पुरायची राखलेली जागा, सगळं सांगितलं. मोठे उजेडात बसत नाहीत हे सांगताना तिचा आवाज जरा चिरकला, पण सांगितलं.

पीयूषचं पेन थांबलं. त्याने उघड्या दारातून आत पाहिलं, चारी कोपऱ्यांतले आपले दिवे पाहिले. मग तो रीताला म्हणाला, "सिस्टर, त्यांना विचारा, हे आधी का नाही सांगितलं? आपण तर सगळं विचारलं होतं. मी चुकीचं विचारलं का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, तो दुखावला होता. मॅडमनी त्याची समजूत घातली, की असं होतं, हे समाज एकदम मोकळे होत नाहीत, विश्वास बसायला वेळ लागतो. बायांनी माना खाली घातल्या. मॅडमचं बोलणं त्यांना समजत होतं हे आता रीताला ठाऊक होतं. प्रश्नाचा गोंडी अनुवाद करायला तिने तोंड उघडलं, पण त्याआधीच फुलवंताबाई बोलायला लागल्या.

त्या गोंडीत म्हणाल्या, की आम्ही विसरलो. आम्ही जंगलातली अडाणी माणसं, त्या दिवशी आम्हाला सुचलंच नाही. साहेबाने नीट विचारलं होतं, चूक आमची आहे.

एवढं बोलून त्या लेकीकडे बघत थांबल्या. तिचं काम तिने करावं म्हणून.

वाक्य सोपं होतं. तेवढं मराठीत म्हटलं की बैठक मिटत होती, कोपरा होत होता, कोणाचं काही बिघडत नव्हतं. रीताची आई तिच्यासाठी चारचौघांत अडाणी व्हायला तयार होती आणि रीताने त्यावर फक्त शिक्का मारायचा होता.

"आई म्हणते की..." रीताने सुरुवात केली आणि तिला पुढे जाता येईना. मग ती म्हणाली, "ती खोटं बोलते आहे, सर. माझ्यासाठी. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. सांगताना माझ्याकडून काही गोष्टी राहून गेल्या. म्हणजे... मला जरा संकोच वाटला."

पीयूषने मांडीवरचा नकाशा पाहिला. "म्हणजे ही खिडकी?"

"त्यांनी मागितलीच नव्हती."

त्याने नकाशाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मॅडमनी मोबाइल उचलून उगाचच पाहिला आणि ठेवला. ओरडा बसला असता तर रीताला हलकं वाटलं असतं. तरीसुद्धा तिच्या छातीवरचं ओझं थोडं उतरलंच. कबूल केलं की माणसाला लगेच सुटल्यासारखं वाटतं, ही खोड चांगली नाही.

फुलवंताबाईंनी ते बघितलं असावं. त्या सर्वांसमोर, मराठीत म्हणाल्या, "साहेबाले सांगतलंस, बरं केलंस. आता आमाले सांग. आपल्या बोलीत."

"तुमाले त ठाऊक आहे, माय."

"आमाले ठाऊक आहे. तू सांगतलं नाईस."

रीता खुर्चीवरून उठली आणि खाली बायांसमोर बसली. मराठीत तिच्याजवळ 'राहून गेल्या' होतं, 'संकोच' होता. आश्रमशाळेने आणि नर्सिंगने तिला असे मऊ शब्द पुष्कळ दिले होते. गोंडी ती शिकली होती या बायांच्या मांडीवर बसून. त्या बोलीत तिला एकही आडोसा सापडेना. जे होतं ते होतं तसंच म्हणावं लागलं. ती म्हणाली, मला तुमची लाज वाटली. साहेबासमोर तुमच्या बोलण्याची लाज वाटली, मोठ्यांची लाज वाटली. मग आईच्या तोंडाकडे बघून म्हणाली, माय, मला तुझी लाज वाटली.

फुलवंताबाईंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनीच ते बोलून दाखवलं होतं, त्यांनीच ते आत्ता मागून घेतलं होतं. तरी लेकीच्या तोंडून ऐकताना त्यांचं तोंड उतरलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. बाया फरशीकडे बघत राहिल्या. जाऊ दे म्हणायला कोणी पुढे आलं नाही. रीताला वाटलं होतं कोणीतरी म्हणेल.

बऱ्याच वेळाने फुलवंताबाईंनी पदराने तोंड पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि सरळ पीयूषपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "चाला साहेब. कोनता कोपरा पाह्यजे, थे दाखवून देतो."

पीयूष दचकून उभा राहिला. त्याने एकदा रीताकडे पाहिलं, सवयीने. मग तिची वाट न बघता फुलवंताबाईंना म्हणाला, "चाला मावशी. तुमी सांगत जा, मी करत जातो." अर्जुनीच्या घरातली बोली होती ती. संस्थेच्या कामात ती त्याने पहिल्यांदा काढली आणि त्याचे कान लाल झाले.

सगळ्या बाया त्यांच्यामागे आत गेल्या, मॅडमही गेल्या. आतून बोलणी ऐकू यायला लागली. या बाजूची टाइल्स खोदून काढा. इथं भुई सारवून देऊ आमी. खिडकी अर्धी बुजवा, पुरी नको, वारा बी पाह्यजे. धुराड्याचं पीयूष काही समजावत होता, मधेच कोणी हसलं. काम सरळ चाललं होतं. मधे कोणाची गरज पडत नव्हती.

व्हरांड्यात रीता बसून राहिली, आणि चंचल. चंचलला पोटामुळे एकटीने उठवेना. तिने भिंतीचा आधार घेऊन पाहिला, पुन्हा खाली बसली. रीताकडे तिने काही मागितलं नाही. रीताच उठली आणि हात पुढे केला. चंचलने त्या हाताकडे क्षणभर पाहिलं, मग धरला आणि जोर देऊन उभी राहिली. दोघी दारापर्यंत गेल्या. आत फुलवंताबाई कोपऱ्यात उभ्या राहून पीयूषला सांगत होत्या, की बाई बाजेवर निजली की कोपरा तिच्या डोक्याशी यायला पाहिजे. पीयूषला ते नीट उमगलं नाही, त्याने पुन्हा विचारलं. रीता समजावून सांगायला पुढे झाली, तिचं तोंड उघडलंही.

चंचलने तिचा हात दाबला.

"तू नको बोलू, ताई," ती म्हणाली. "आत्या सांगून राहिली ना."